जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन ऑइल कसं तपासायचं, आणि गेज वर गेलं तर खूश का व्हायचं नाही

इथे मी नेहमी फोनची बॅटरी, स्टोरेज, यूपीआय असल्या विषयांवर लिहितो. आज ट्रॅक्टर. हसू नका, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी ट्रॅक्टर आहे हे मला माहीत आहे. तुम्ही शिकायला नाहीतर नोकरीला शहरात, ट्रॅक्टर वडील किंवा काका चालवतात, आणि सुट्टीला गावी गेलं की चावी तुमच्या हातात येते. चालवायला सगळ्यांना येतं. पण चावी फिरवायच्या आधी ऑइल बघता का? मी बघत नव्हतो. गेल्या दिवाळीत बघितलं, आणि बघूनही चुकीचाच अर्थ काढला. म्हणून हा लेख.

आमचा ट्रॅक्टर १९९६ चा, तीन सिलिंडरचा, म्हणजे वयाने माझ्यापेक्षा मोठा. दिवाळीच्या आठवडाभर आधी आबांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर धुळीत जायचं नाही. इकडे सोयाबीन निघालेलं, हरभऱ्यासाठी रोटर मारायचा होता, रान नेमकं वापशावर आलेलं. ज्यांना शेती माहीत नाही त्यांच्यासाठी: वापसा म्हणजे जमिनीत ओल इतपतच उरते की रोटर चिकटत नाही आणि ढेकळंही पडत नाहीत. काळ्या रानात तो तीन-चार दिवस टिकतो. आमचं पाच एकर, शिवाय भाड्याची चार गिऱ्हाईकं. त्या चौघांचे पैसे आले की त्यातूनच बी-खत घ्यायचं होतं.

पहाटे साडेसहाला मी गेज काढलं. (डिपस्टिकला आमच्याकडे नुसतं गेज म्हणतात, मीही तेच म्हणेन.) ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. मी मनात म्हटलं, आबांना खूण नीट दिसत नव्हती, ओतलं असेल जास्त. कमी असण्यापेक्षा जास्त बरं! चावी लावली. ओट्यावर काळा चष्मा लावून बसलेल्या आबांनी विचारलं, "ऑइल बघितलंस का रे?"

"बघितलं. भरपूर आहे. खुणेच्या वर आहे."

ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चावी काढ. गणपतीच्या आधी बदललं, त्यानंतर मी थेंबभर टाकलेलं नाही."

पुढे काय झालं ते सांगतो. आधी गेज नीट कसं बघायचं ते, कारण ते चुकलं तर पुढचं सगळंच चुकतं.

आधी जागा सपाट हवी

ऑइल इंजिनच्या तळाशी चेंबरमध्ये साठतं आणि गेज चेंबरच्या एका बाजूने आत जातं. ट्रॅक्टर उतारावर असेल तर ऑइल एका बाजूला सरकतं आणि गेज खोटं बोलतं. किती खोटं? समजा गेज चेंबरच्या मध्यापासून २० सेंटिमीटर लांब आहे आणि जागेला फक्त ३ अंशांचा उतार आहे. तेवढ्यात पातळी जवळजवळ १ सेंटिमीटर वरखाली दिसते. बऱ्याच जुन्या गेजांवर दोन खुणांमधलं अंतरच दीड-दोन सेंटिमीटर असतं, म्हणजे निम्मा हिशोब उतारानेच खाल्ला.

इथे फोन कामाला येतो. उतार मोजणारं लेव्हल ॲप बहुतेक फोनमध्ये चालतं. फोन किती तिरपा आहे हे सांगणारा ॲक्सेलरोमीटर त्यात असतोच, स्क्रीन आडवी होते ती त्याच्याचमुळे. सरळ फळी जमिनीवर ठेवा, तिच्यावर फोन ठेवा, एकदा लांबीत आणि एकदा रुंदीत बघा. आमच्या गोठ्यापुढची जागा मला जन्मापासून सपाट वाटायची, फोनने ३ अंश दाखवले! आता ट्रॅक्टर विहिरीजवळच्या फरशीवर उभा करतो, रोज एकाच जागी, एकाच तोंडाने. त्यामुळे थोडा फरक राहिलाच तरी तो रोज सारखाच राहतो.

मागचं अवजार जमिनीवर टेकवा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन बंद. सगळ्यात चांगली वेळ सकाळची, ट्रॅक्टर सुरू करायच्या आधी. रात्रभरात सगळं ऑइल निथळून खाली आलेलं असतं. नुकताच बंद केला असेल तर दहा-पंधरा मिनिटं थांबा. ऑइल वरच्या हेडमध्ये, नळ्यांमध्ये, पिस्टनखाली चिकटलेलं असतं, ते खाली यायला वेळ लागतो. घाईत बघाल तर कमी दिसेल, तुम्ही वरून ओताल आणि नंतर ते जास्त होईल.

गेज दोनदा काढायचं

काढायच्या आधी भोवतालची धूळ फडक्याने पुसा. हे आबांनी मला ओरडूनच शिकवलंय. त्या भोकातून आत पडलेला वाळूचा कण बेअरिंगपर्यंत पोचू शकतो. फडकं जुन्या धोतराचं किंवा सुती बनियनचं घ्या. गॅरेजमध्ये मिळणाऱ्या सुताच्या गुंत्याचे धागे सुटून आत जातात.

गेज काढा, पुसा, पुन्हा पूर्ण खाली जाईपर्यंत बसवा, पुन्हा काढा, आणि मगच वाचा. पहिल्या खेपेला जे दिसतं ते धरायचं नाही, कारण इंजिन चालताना ऑइल उडून नळीच्या आतून लागलेलं असतं आणि गेजवर वरपर्यंत माखतं. दुसऱ्या खेपेला पट्टी आडवी धरा आणि दोन्ही बाजू बघा. दोन्हींत फरक असेल तर खालची पातळी खरी. अंधार असेल तर टॉर्च समोरून मारू नका, चकाकीत काही दिसत नाही, तिरपा धरा.

आणि हो, बरोबर गेज काढताय ना? इंजिनचं गेज इंजिनच्या ब्लॉकच्या बाजूला असतं. कितीतरी ट्रॅक्टरांत सीटजवळ गिअरबॉक्स-हायड्रॉलिकच्या ऑइलचंही वेगळं गेज असतं. माझ्या चुलतभावाने एकदा मागचं गेज बघून "ऑइल फुल्ल आहे" असं आठवडाभर छातीठोकपणे सांगितलं होतं.

दोन खुणांच्या मध्ये ऑइल आहे? मग काही टाकू नका. रोज वरच्या खुणेपर्यंत भरलंच पाहिजे असा काही नियम नाही. खालच्या खुणेच्या खाली गेलं असेल तर मात्र इंजिन सुरूच करायचं नाही.

काही जण म्हणतात, ऑइलचा दिवा आहे की, तो पेटला की बघू. तो दिवा आणि डॅशबोर्डवरचा काटा ऑइलचा दाब सांगतात, पातळी नाही. चेंबरमधलं ऑइल इतकं घटलं की पंपाला ऑइलऐवजी हवा ओढावी लागते, तेव्हा दाब पडतो. त्या वेळी क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये जो ऑइलचा थर असतो, केसाहूनही पातळ, तोच फाटलेला असतो. धातूवर धातू घासायला लागतो. फोनची बॅटरी एक टक्क्यावर आल्यावर सूचना यावी तसं आहे हे. फरक एवढाच की फोन पुन्हा चार्ज होतो.

ओतायचं किती, कुठलं

अर्धा लिटर ओता, पाच-दहा मिनिटं थांबा, पुन्हा गेज बघा. मग लागलं तर पुन्हा थोडं. आमच्या इंजिनला खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत साधारण दीड लिटर लागतं, हे मी मोजून शेडच्या पत्र्यावर लिहून ठेवलंय. तुमच्याकडे वेगळं असेल, एकदा मोजून ठेवा. नरसाळं स्वच्छ हवं. डिझेलचं किंवा फवारणीच्या औषधाचं नरसाळं तर अजिबात नको.

वरच्या खुणेच्या वर का जायचं नाही? फिरता क्रँक ऑइलमध्ये बुडायला लागतो आणि रवीने ताक घुसळावं तसं ते घुसळतो. फेस होतो, पंप फेस ओढतो, आणि चेंबर भरलेलं असूनही दाब पडतो. सील फुटून ऑइल बाहेर यायला लागतं. याहून वाईट म्हणजे ते ऑइल जळायच्या जागी पोचणं. डिझेल इंजिनला प्लगची ठिणगी लागत नाही, दाबून तापलेल्या हवेत जे जळण्यासारखं जाईल ते जळतं. पिस्टनच्या रिंगांमधून किंवा ब्रीदरच्या नळीतून इंजिनचंच ऑइल आत जायला लागलं, तर इंजिन त्याच्यावरच पळतं. तुम्ही स्टॉपर ओढता, डिझेल बंद होतं, पण इंजिन बंद होत नाही, उलट वेग वाढतच जातो. तेव्हा हवा बंद करणं एवढाच उपाय उरतो, आणि अशा इंजिनाजवळ उभं राहणं धोक्याचं असतं. असं रोज घडत नाही. पण "जास्त असलं तर काय बिघडतं" याचं उत्तर हे आहे.

कुठलं ऑइल ते मॅन्युअलमध्ये असतं. मॅन्युअल हरवलं असेल (आमचं उंदरांनी खाल्लं) तर मॉडेलच्या नावाने कंपनीच्या साइटवर शोधा. डब्यावर १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० असं लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती वाहतं ते सांगतो, आकडा लहान तितकं थंडीत पातळ. मागचा ४० म्हणजे इंजिन तापल्यावरचा, १०० अंशांना असलेला दाटपणा. दुसरी खूण एपीआयची: सीएफ-४, सीएच-४, सीआय-४ अशी. यातला पहिला 'सी' म्हणजे डिझेल इंजिनसाठी. पेट्रोल इंजिनच्या ऑइलवर 'एस'ने सुरू होणारी अक्षरं असतात. सीएफ-४ ही १९९० ची पातळी आहे, सीएच-४ १९९८ ची, सीआय-४ २००२ ची.

घरात बाइकचं ऑइल पडलंय, ते ओतू का? नको. बाइकमध्ये तेच ऑइल क्लचलाही लागतं, म्हणून ते त्या हिशोबाने बनवतात. डिझेल इंजिनमध्ये काजळी आणि आम्ल जास्त तयार होतं, ते धरून ठेवणारी द्रव्यं त्याच्या ऑइलमध्ये जास्त लागतात. पण रानात अडकलात, ऑइल खालच्या खुणेखाली गेलंय आणि तुमचा ब्रँड मिळत नाही, तर त्याच ग्रेडचं दुसऱ्या कंपनीचं डिझेल इंजिन ऑइल घाला. दोन ब्रँड मिसळण्यापेक्षा कमी ऑइलवर चालवणं कितीतरी वाईट.

सुटं ऑइल घेऊ नका. डब्याचं सील बघा, क्यूआर कोड असेल तर स्कॅन करा आणि तो कंपनीच्याच साइटवर नेतो का तेही बघा. रिकामा डबा भंगारवाल्याला द्यायच्या आधी त्याला भोक पाडा, नाहीतर तोच डबा भलतंच ऑइल भरून बाजारात येऊ शकतो.

गेजवर पातळीशिवाय काय दिसतं

काळा रंग बघून घाबरू नका. डिझेल इंजिनचं नवं ऑइल थोड्याच तासांत काळं पडतं, कारण ते काजळी धुऊन स्वतःत धरून ठेवतं, आणि ते त्याचं कामच आहे. खूप तास चालूनही मधासारखं स्वच्छ राहिलं तर उलट शंका घ्या.

दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. हेड गॅस्केट गेलं असेल नाहीतर लायनरची रबरी रिंग. अशा वेळी इंजिन सुरू करायचं नाही, मिस्त्रीला बोलवायचं. शंका असेल तर लोखंडी पत्रा तापवून त्यावर एकच थेंब टाका. पाणी असेल तर तडतडतं. पत्रा म्हणतोय मी, आईचा तवा नव्हे, आणि गोठ्यातल्या कडब्यापासून लांब. चकचकीत कण दिसले तर धातू झिजतोय.

आणि पातळी आपोआप वाढली तर? ऑइल आपोआप कमी होऊ शकतं, जळतं, गळतं. वाढत मात्र कधीच नाही. वाढलं म्हणजे दुसरं काहीतरी आत येतंय. पाणी असेल, किंवा डिझेल, किंवा ज्या ट्रॅक्टरांत हायड्रॉलिक पंप इंजिनवर बसवलेला असतो त्यांत सील गेल्यामुळे हायड्रॉलिकचं ऑइल.

तर त्या सकाळी

आबांनी पुसलेलं फडकं मागितलं. वास घेतला, मग अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं. "पातळ आहे. डिझेल आलंय." मला त्यात डिझेलचा वास येतोय का हे नक्की कळेना, ट्रॅक्टरला एरवीही तोच वास असतो. मग मी टिश्यू पेपरवर एक थेंब टाकला, शेजारी डब्यातल्या नव्या ऑइलचा एक. अर्ध्या तासात आमच्या थेंबाचा मधला काळा ठिपका, भोवती करडं वर्तुळ आणि त्याच्याही बाहेर फिकी, ओली कड लांबवर पसरली. ही काही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे, पण दोन्ही थेंबांचा फोटो मिस्त्रीमामांना पाठवला, तेव्हा त्यांनी फोन करून एवढंच म्हटलं, "सुरू करू नको, येतो."

फीड पंपाचा डायफ्राम फाटला होता. टाकीतलं डिझेल पुढे ढकलणारा हा छोटा पंप आमच्या इंजिनच्या अंगालाच बोल्टने बसवलेला आहे, आणि त्याच्या आतला दांडा कॅमवर हलतो. एका बाजूला डिझेल, दुसऱ्या बाजूला चेंबर, मध्ये फक्त रबराचा पडदा. तो चिरला की डिझेल थेट ऑइलमध्ये उतरतं. टाकी पंपाच्या वर असल्यामुळे ट्रॅक्टर उभा असतानाही ते झिरपत राहिलं. ऑपरेशनच्या आठवड्यात ट्रॅक्टर जागचा हलला नव्हता, तरी गेज वर जात होतं.

चेंबरचा नट काढून सगळं ऑइल बादलीत मोजून घेतलं. सात लिटर घातलं होतं, जवळपास नऊ निघालं. दोन लिटर डिझेल मिसळलेल्या ऑइलवर मी दिवसभर रोटर मारणार होतो. रोटर म्हणजे इंजिनवर सलग ताण. मिस्त्रीमामांच्या हिशोबाने क्रँक आणि बेअरिंगचं काम निघालं असतं, चाळीस-पन्नास हजार आणि आठ-दहा दिवस. त्याऐवजी डायफ्रामचं किट काही शेकड्यांत आलं, नवं ऑइल आणि फिल्टर धरून तीन हजारांच्या आत भागलं. दीड दिवस गेला. चारातलं एक गिऱ्हाईक दुसऱ्या ट्रॅक्टरकडे गेलं, वापसा सोडून कोण थांबणार!

संध्याकाळी आबा म्हणाले, ऑइल पंधरवड्यापासून बोटाला पातळ लागत होतं. त्यांना वाटलं, उन्हाने असेल. मी विचारलं, मग गेजवर वाढलेलं दिसलं नाही? ते म्हणाले, गेजवरच्या खुणा गणपतीपासूनच दिसत नव्हत्या, बोटानेच अंदाज घेत होतो. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर चावी काढून घेतली असती, असं त्यांना वाटत होतं. आईने ते ऐकलं आणि उठून आत गेली.

फोनमध्ये नोंद

तुमच्याही घरी चष्म्याचा नंबर वाढलेलं कुणीतरी ट्रॅक्टर चालवत असेल. फोनमध्ये 'गेज' नावाचा एक अल्बम करा. ट्रॅक्टर चालवायच्या दिवशी सकाळी दोन फोटो: पुसून दुसऱ्यांदा काढलेल्या गेजचा, मागे पांढरा कागद धरून आणि फ्लॅश बंद ठेवून, आणि तासांच्या मीटरचा. फोटोत तारीख आपोआप येते. एका दिवसाचा फोटो काहीच सांगत नाही, पण पंधरा दिवसांचे एकापाठोपाठ सरकवले की पातळी उतरतेय, तिथेच आहे की चढतेय हे लगेच कळतं. मोतीबिंदूवाल्या माणसालाही फोटो बोटांनी मोठा करून बघता येतो. आमच्याकडे आता आबा फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवतात. निम्म्या फोटोंत त्यांचा अंगठाच जास्त असतो, पण खूण दिसते.

मीटरबद्दल एक गोष्ट. जुन्या ट्रॅक्टरचा तासमीटर इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो, घड्याळावर नाही. ठरलेल्या आरपीएमला एक तास चाललं की एक तास पुढे सरकतो. हळू चाललं तर तेवढ्याच वेळात कमी सरकतो. ऑइल बदलायचे तास या मीटरवरूनच धरतात. बऱ्याच ट्रॅक्टरांना हे अंतर २५० तासांचं असतं, काही जुन्यांना त्याहून कमी, तुमचं मॅन्युअलमध्ये बघा. मीटर बंद पडला असेल तर वहीत घड्याळाचे तास लिहा.

गेज बघताना एअर क्लीनरही बघून घ्या. जुन्या ट्रॅक्टरांत खाली ऑइलची वाटी असलेला क्लीनर असतो, हवेतली धूळ त्या ऑइलमध्ये अडकते. रोटरच्या धुळीत चार दिवसांत तळाशी चिखल साठतो. वाटी काढून धुवा, नवं ऑइल आतल्या खुणेपर्यंतच भरा. इथेही जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं.

बादलीतलं ते नऊ लिटर शेजारच्या काकांनी गोठ्याच्या खांबांना वाळवीसाठी मागितलं. मी दिलं नाही. वापरलेल्या ऑइलमधले घटक कातडीला वाईट असतात, जमिनीत मुरलं तर विहिरीपर्यंत जातं, आणि आमचं तर निम्मं पेट घेण्याच्या बेतात होतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरून तालुक्याच्या गॅरेजमधल्या जुन्या ऑइलच्या पिंपात टाकलं, तिथून पुनर्वापरवाले घेऊन जातात. काका दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्याच रानात रोटर मारायला गेलो.